न काढलेला नकाशा

गेल्या वर्षी आमच्या रूमवर एक कांड झालं. माझा रूम पार्टनर इलेक्ट्रॉनिक्सचा, मी सिव्हिलचा. मिनी प्रोजेक्टचं सबमिशन दुसऱ्या दिवशी, लॅबला कुलूप, म्हणून साहेबांनी पीसीबीचं एचिंग हॉस्टेलच्या बाथरूममध्येच उरकायचं ठरवलं. प्लास्टिकच्या टबात फेरिक क्लोराईड, त्यात तांब्याचा थर असलेला बोर्ड, आणि टब हलवायला अस्मादिक. अर्ध्या तासात नको तिथलं तांबं अॅसिडनं खाल्लं, ट्रॅक सुरेख उमटले. आम्ही खूश. मग आयसी लावायला घेतला तर सगळ्या पिना उलट्या! लेआऊट सरळ छापायचा की आरशातला, या गोंधळात पठ्ठ्यानं नेमका नको तो छापला होता. फरशीवरचे तपकिरी डाग अजून आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी दुसऱ्या मजल्यावर यावं.

ही हकिगत मी आमच्या ड्रॉइंगच्या सरांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. मग म्हणाले की चारशे वर्षांपूर्वी एक माणूस रोज असंच तांबं अॅसिडमध्ये बुडवायचा, सगळं उलटं काढायचा, आणि जे उमटायचं ते राजे लोक भिंतीवर लावायचे. सरांच्या केबिनमध्ये कपाटाच्या बाजूला एक मोठी, कडा फाटलेली झेरॉक्स लावलेली आहे. मी दोन वर्षं ती पाहत होतो आणि मला तो कुठल्या तरी धरणाचा जुना साईट प्लॅन वाटत होता. तो ब्रेडा शहराच्या वेढ्याचा नकाशा होता, आणि काढणाऱ्याचं नाव जाक कालो.

त्यानंतर मी या माणसाच्या मागेच लागलो. लायब्ररीतलं पुस्तक दोनदा रिन्यू केलं, सेमिस्टरचा अभ्यास बाजूला ठेवला (त्याचे परिणाम मार्कशीटवर दिसतात). जे हाती लागलं ते इथे सांगतो.

कालोचा जन्म १५९२ सालचा, नान्सी गावचा. नान्सी आज फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ती लोरेन नावाच्या स्वतंत्र संस्थानाची राजधानी होती. एका बाजूला फ्रान्सचा राजा, दुसऱ्या बाजूला जर्मन सम्राट, आणि मध्ये सुपारीसारखं हे छोटं राज्य. वडील या राज्याच्या ड्यूकच्या दरबारात मानकरी होते. घराण्यांची मानचिन्हं, वंशावळी, समारंभातला मानपान हे सगळं सांभाळायचं त्यांचं काम. मुलानंही तेच करावं अशी घरच्यांची इच्छा. आपल्याकडे डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो तसंच ते. पण पोराला चित्रांचा नाद. त्याच्याबद्दल अशी एक कथा सांगतात की बारा वर्षांचा असताना तो घरातून पळाला आणि जिप्सींच्या तांड्याबरोबर चालत इटलीला गेला. खरं-खोटं देव जाणे, कारण ही कथा लिहिणाऱ्यानं ती कालो गेल्यानंतर काही दशकांनी लिहिली. कागदोपत्री सापडतं ते साधं आहे. १६०७ साली, पंधराव्या वर्षी, तो नान्सीतल्याच एका सोनाराकडे शागीर्द म्हणून बसला. म्हणजे चित्रकलेच्या आधी त्याचा हात धातूवर बसला, आणि हे पुढे फार उपयोगी पडलं.

सोनाराकडून तो रोमला गेला. तिथे फिलीप तोमासें नावाच्या खोदकाम करणाऱ्याकडे त्यानं धडे गिरवले. तेव्हा चित्र छापायची प्रतिष्ठित पद्धत म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार पोलादी हत्यारानं थेट रेघा खोदायच्या, त्यात शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. मनगटाचं काम. एक वळणदार रेघ खोदताना हत्यार नाही, पत्रा फिरवावा लागतो. एका मोठ्या प्लेटला महिने जायचे.

१६११च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला आला आणि त्याचं नशीब उघडलं. तिथे कोझिमो दुसरा नावाचा मेदिची घराण्यातला ग्रँड ड्यूक राज्य करत होता. (गॅलिलिओला ज्यानं आश्रय दिला तोच हा.) आणि तिथे जुलिओ पारीजी नावाचे एक गृहस्थ होते. माझ्या मते कालोच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. पारीजी हा वास्तुविशारद, दरबारी नाटकांचे आणि जत्रा-मिरवणुकांचे देखावे उभे करणारा, आणि वर पर्स्पेक्टिव्ह, गणित आणि किल्लेबांधणी शिकवणारा. आजच्या भाषेत सांगायचं तर सिव्हिलचा एचओडी, जो गॅदरिंगचं स्टेजही तोच उभारतो. त्याच्याकडे कालो दोन गोष्टी एकत्र शिकला. बुरूज आणि खंदक मापात कसे काढायचे, आणि प्रेक्षकाला कुठे बसवलं म्हणजे देखावा भव्य दिसतो. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या की काय होतं ते पुढे दिसेलच.

१६१४पासून कोझिमोनं त्याला पगार सुरू केला, राहायला-काम करायला जागा दिली, आणि कालोनं तिथे आपली खरी इंजिनीअरिंग दाखवली. खोदकामाला पर्याय म्हणून एचिंग तेव्हाही होतं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं मेण खरवडून चित्र काढायचं, अॅसिडमध्ये टाकायचं. उघडं पडलेलं तांबं खाल्लं जातं आणि रेघ तयार होते. आमच्या बाथरूममधलंच तंत्र. पण मेण मऊ. हात टेकला की खराब, आणि बारीक जवळजवळच्या रेघांमधून अॅसिड मेणाखाली शिरून सगळा गिचका करायचं. त्यामुळे लोक एचिंगला दुय्यम समजत. कालोनं मेण काढून टाकलं आणि ल्यूट नावाचं तंतुवाद्य बनवणारे कारागीर जे कडक व्हार्निश वापरत, ते पत्र्यावर चढवून भाजलं. हा थर काचेसारखा घट्ट बसायचा. आता केसाइतक्या बारीक रेघा काढल्या तरी अॅसिड हद्द सोडत नव्हतं.

दुसरी सुधारणा हत्याराची. खोदकामातल्या रेघेला एक डौल असतो, ती बारीक सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा निमुळती होते. सुईची रेघ मात्र तारेसारखी, सगळीकडे सारखी. कालोनं जाड सुईचं टोक तिरकं घासलं, म्हणजे त्याचा छेद लांबट गोल झाला. बोटात ती सुई फिरवली की रेघ जाड किंवा बारीक. ज्यांनी बोरूनं लिहायचा प्रयत्न केला असेल त्यांना हे लगेच समजेल. तिरक्या कापलेल्या टोकाचाच तो चमत्कार.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली. प्लेट एकदाच अॅसिडमध्ये बुडवून तो थांबायचा नाही. आधी थोडा वेळ बुडवायची, बाहेर काढून लांबच्या डोंगरांच्या, ढगांच्या रेघांवर व्हार्निश फासून त्या बंद करायच्या, मग पुन्हा बुडवायची. जवळच्या माणसांच्या, घोड्यांच्या रेघा जास्त खोल जायच्या. छापल्यावर लांबचं फिकट, जवळचं काळं. वेळेचा हिशेब करून त्यानं अंतर दाखवलं! अॅसिडमधली मिनिटं म्हणजे कागदावरचे मैल. ही सगळी रीत पुढे अब्राहम बोस यानं १६४५ साली पुस्तक लिहून जगजाहीर केली आणि युरोपभर ती पसरली.

या तंत्रावर कालोनं काय केलं ते पाहायचं असेल तर १६२० सालचं इंप्रुनेताच्या जत्रेचं चित्र पाहा. फ्लॉरेन्सजवळच्या गावातली जत्रा. एका प्लेटवर अकराशेहून जास्त माणसं आहेत. लोकांनी बसून मोजलीत, मी नाही. साप दाखवणारे, मडकी विकणारे, भांडणारे, झाडाखाली झोपलेले. भिंग लावलं तरी प्रत्येकाची ढब वेगळी. गर्दी म्हणून ठिपके नाही मारलेले. ही सवय लक्षात ठेवा. हजार माणसं एका कागदावर मावतात, हे या माणसाला माहीत होतं, आणि त्यातला प्रत्येक जण काहीतरी करत असतो हेही.

१६२१मध्ये कोझिमो वारला. राज्यकारभार पाहणाऱ्यांनी खर्चकपात केली आणि पहिली कुऱ्हाड कलावंतांच्या पगारावर पडली (काही गोष्टी बदलत नाहीत). कालो नान्सीला परत आला, लग्न केलं, स्थिरावला. आता त्याचं नाव झालं होतं. आणि अशा नाव झालेल्या, किल्लेबांधणी कळणाऱ्या, हजारो माणसं एका कागदावर बसवणाऱ्या कारागिराची राजेलोकांना एका खास कामासाठी गरज होती.

वेढा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. पण सतराव्या शतकातला युरोपातला वेढा हा मुख्यतः मातीकामाचा प्रकल्प होता. शहराभोवती मैलोन् मैल खंदक आणि बांध, आतून कुणी बाहेर पडू नये म्हणून एक फळी, बाहेरून कुणी मदतीला येऊ नये म्हणून दुसरी, मध्ये छावण्या, दमदमे, तोफांचे मोर्चे. आमच्या भाषेत कटिंग आणि फिलिंग. नेदरलँड्समधलं ब्रेडा हे डचांचं मजबूत शहर. स्पेनचा सेनापती स्पिनोला यानं १६२४च्या ऑगस्टमध्ये त्याला वेढा घातला. हल्ला करून भिंत फोडण्याच्या फंदात तो पडला नाही. रसद तोडली आणि थांबला. हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या छावणीतही उपासमार आणि रोगराई झाली. अखेर जून १६२५मध्ये शहरानं हत्यार ठेवलं. म्हणजे ब्रेडा पडलं ते तोफेनं नाही, भुकेनं.

स्पॅनिश नेदरलँड्सचा कारभार तेव्हा राजकन्या इसाबेला पाहत होती. विजय मोठा होता पण फार महाग पडला होता. खजिना रिकामा, युद्ध चालूच. अशा वेळी जिंकलेल्याचा गाजावाजा करणं हाही युद्धाचाच भाग असतो. कालोला ब्रसेल्सला बोलावलं गेलं आणि ब्रेडाच्या वेढ्याचा नकाशा काढायचं काम मिळालं. तो छापून निघाला १६२८च्या सुमारास, सहा मोठ्या प्लेट्सवर. सहाही कागद जोडले की साधारण सव्वा मीटर उंच आणि त्याहून थोडा रुंद असा तो होतो. ड्रॉइंग हॉलमधल्या आपल्या इंपिरियल साईझच्या चार शीट्सच्या आसपास क्षेत्रफळ धरा.

आता या नकाशाकडे इंजिनीअरच्या नजरेनं बघू. वरच्या भागात शहर, नद्या, खंदकांच्या फळ्या जवळजवळ प्लॅनमध्ये दिसतात, आकाशातून पाहिल्यासारख्या. मापं सैन्याच्या इंजिनीअरांनी घेतलेली. पण नजर खाली आणली की प्लॅन हळूहळू कलतो, टेकडीवरून पाहतोय असं वाटायला लागतं, आणि सगळ्यात खाली पोचेपर्यंत आपण चक्क जमिनीवर, घोडेस्वारांच्या शेजारी उभे असतो. एका शीटवर प्लॅन आणि पर्स्पेक्टिव्ह दोन्ही, आणि सांधा कुठे आहे ते सापडत नाही. ग्राफिक्सच्या पेपरात असं केलं तर शून्य मार्क. इथे मात्र याचा परिणाम जबरदस्त होतो. वरचा अर्धा भाग सांगतो की हे मोजलेलं आहे, खरं आहे. खालचा अर्धा भाग सांगतो की बघ, आमच्याकडे किती फौज आहे, किती शिस्त आहे. आणि मोजलेल्यावर जो विश्वास बसतो, तो दाखवलेल्यावरही आपोआप बसतो.

आणखी एक गंमत. नकाशाला वेळ नसतो असं आपण धरतो. या नकाशात वेढा चालू असतानाच्या छावण्या आणि वेढा संपल्यानंतरच्या घटना एकाच वेळी दिसतात. नऊ महिन्यांची अनिश्चितता, हिवाळा, पावसानं खचलेले बांध, हे सगळं सपाट होऊन असं वाटतं की पहिल्या दिवसापासून हे असंच घडणार होतं. सोबत छापील मजकूर असायचा, तो वाचत बोट फिरवायचं. अशा प्रती दरबारांत भेट जात, विकल्या जात, भिंतीवर चिकटवल्या जात. एका प्लेटमधून शेकडो प्रती निघतात. तेव्हाच्या मानानं हे वर्तमानपत्र, सर्व्हे शीट आणि फ्लेक्स तिन्ही एकत्र झालं. चित्रकार वेलास्केस यानं पुढे ब्रेडाच्या शरणागतीचं जगप्रसिद्ध पेंटिंग केलं, त्याच्या मागच्या देखाव्यासाठी कालोच्याच नकाशाचा आधार घेतला असं मानतात.

आणि शहर? ज्याच्यासाठी एवढं सगळं, ते ब्रेडा शहर वर मध्यभागी आहे. तळहाताएवढं. तटबंदीचे कोन अचूक, छपरं व्यवस्थित. आत नऊ महिने काय चाललं होतं ते त्या मापात दिसूच शकत नाही. कालो खोटं काढत नाही. त्यानं स्केलच असा निवडला आहे की छावणीतला माणूस हाताच्या बोटाएवढा आणि शहरातला माणूस शून्य. डाव्या कोपऱ्यात खाली एक जण बसून चित्र काढताना दाखवलाय, तो कालो स्वतःच असं अभ्यासक सांगतात. म्हणजे बाबा बसलेत कुठे, तर वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला.

काम एवढं गाजलं की फ्रान्सच्या राजाचं बोलावणं आलं. लुई तेरावा आणि त्याचा प्रधान कार्डिनल रिशल्यू यांनी १६२७-२८मध्ये ला रोशेल हे प्रोटेस्टंटांचं बंदर वेढलं होतं. हा वेढा तर सिव्हिलवाल्यांनी अभ्यासक्रमात लावावा असा. समुद्राकडून इंग्रजांची मदत येत होती, म्हणून रिशल्यूनं बंदराच्या तोंडावर सुमारे दीड किलोमीटर लांबीचा धक्का बांधला. लाकडी खांब, दगडाची भर, जहाजं बुडवून केलेला पाया, आणि भरती-ओहोटीचं पाणी खेळतं राहावं म्हणून मध्ये सोडलेली फट. वास्तुविशारद मेतेझो, गवंडी तिरिओ. इंग्रजांचं आरमार १६२८मध्ये दोनदा आलं आणि धक्क्यापुढे हात चोळत परत गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी शहर शरण आलं. सुरुवातीला सत्तावीस हजारांच्या आसपास वस्ती होती, उरले पाचेक हजार. बाकीचे बहुतेक भुकेनं गेले.

कालो १६२९च्या सुमारास पॅरिसला गेला आणि दोन नकाशांवर काम केलं. एक ला रोशेलचा, दुसरा समोरच्या रे बेटाचा, जिथून १६२७मध्ये इंग्रजांना हुसकावलं होतं. पुन्हा प्रत्येकी सहा प्लेट्स, वर सजवलेल्या किनारी. जहाजं, शिडं, तोफांचा धूर, तो धक्का. अतिशय देखणं काम आहे, मी तासभर भिंग घेऊन पाहत होतो. त्या बावीस हजार माणसांची त्यात एक रेघ नाही. असणार कशी? गिऱ्हाईक कोण होतं?

इथे थोडं स्वतःबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय मला हा लेख लिहायचंच कारण नव्हतं. सेकंड इयरच्या सुट्टीत मी एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात ट्रेनिंगला होतो. टोटल स्टेशननं सर्व्हे झालेला, मला ऑटोकॅडवर साईट प्लॅन तयार करायला दिला. नाल्याच्या काठाला अठरा झोपड्या होत्या. सर्व्हेमध्ये त्यांचे पॉइंट्स होते, मी त्या व्यवस्थित काढल्या, वेगळी लेयर केली. प्लॅन वर पाठवायच्या आदल्या दिवशी मला सांगण्यात आलं की ती लेयर ऑफ कर. मी केली. माऊसचं एक क्लिक. प्रिंट निघाली ती मापाला शंभर टक्के बरोबर होती, एक सेंटीमीटर इकडचा तिकडे नाही. मला सर्टिफिकेट मिळालं, रिमार्क एक्सलंट. तेव्हा मला काही वाटलंही नव्हतं, खरं सांगतो. ब्रेडाच्या नकाशात शहर शोधताना ते पहिल्यांदा आठवलं.

असो. पुन्हा कालोकडे.

ज्या फ्रान्सच्या राजाचे विजय त्यानं तांब्यावर कोरले, तोच राजा आता लोरेनकडे वळला. लोरेनचा ड्यूक चार्ल्स चौथा हा सम्राटाच्या बाजूचा. शिवाय लुईचा रुसलेला धाकटा भाऊ गास्तों यानं आसरा लोरेनमध्ये घेतला आणि ड्यूकच्या बहिणीशी १६३२मध्ये गुपचूप लग्नही केलं. लुईला निमित्त हवंच होतं. १६३३मध्ये फ्रेंच फौजांनी नान्सीला वेढा दिला आणि सप्टेंबरमध्ये राजा शहरात शिरला. कालो तेव्हा नान्सीतच होता. आयुष्यात पहिल्यांदा तो नकाशाच्या आतल्या बाजूला होता.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट. लुईनं कालोला बोलावून घेतलं आणि ला रोशेलसारखाच नान्सीच्या विजयाचा नकाशा काढायला सांगितलं. कालोनं नकार दिला. आपल्या धन्याच्या आणि मातृभूमीच्या अब्रूविरुद्ध काही काढण्यापेक्षा आपण अंगठा कापून घेऊ, अशा अर्थाचं तो बोलला. दरबारी खवळले, पण राजानं ड्यूकला असे प्रजाजन मिळाले याबद्दल त्याचा हेवा केला आणि वर भक्कम वर्षासन देऊ केलं. तेही कालोनं घेतलं नाही.

ही गोष्ट वाचून मी इतका भारावलो की रात्री रूम पार्टनरला उठवून सांगितली. मग शंका यायला लागल्या. सांगणारा तोच, फेलिबियाँ नावाचा लेखक, ज्याच्या पुस्तकात जिप्सींची कथा येते. आणि तो दरबाराशी जवळीक असलेला फ्रेंच माणूस. या गोष्टीत मोठा कोण ठरतो ते बघा. कालो तर ठरतोच, पण नकार हसून झेलणारा उदार राजाही ठरतो. म्हणजे नकाशा मिळाला नाही, तर नकार दिल्याचीच गोष्ट राजाच्या कामी आली! शिवाय कालोनं फ्रान्सशी संबंध तोडले असंही दिसत नाही. त्याची चित्रं पॅरिसला त्याचा दोस्त इस्राएल आंरिए छापत आणि विकत राहिला, रीतसर राजाच्या परवान्यानं.

पण एवढं पक्कं, की ब्रेडा, रे आणि ला रोशेल यांच्या जोडीला बसेल असा नान्सीचा नकाशा कालोच्या कामात नाही. ज्या शहराची गल्ली न् गल्ली त्याला पाठ होती, जिथे त्याला इंजिनीअरांकडून मापं मागायची गरजही नव्हती, तेवढंच शहर राहिलं.

त्याऐवजी त्याच वर्षी, १६३३मध्ये, त्याची दुसरीच एक मालिका पॅरिसला प्रसिद्ध झाली. नाव, युद्धाचे मोठे हाल आणि दुर्दैव अशा अर्थाचं. अठरा छोट्या प्लेट्स. छोट्या म्हणजे किती? सुमारे ८ सेंमी उंच आणि १९ सेंमी रुंद. ब्रेडाच्या एका कागदाच्या कोपऱ्यात हरवतील एवढ्या. यात कुठलं शहर, कुठली लढाई, कुठला राजा याचं नाव नाही. सैन्यभरतीपासून सुरुवात होते. मग लढाई. मग हेच भरती झालेले शिपाई एका शेतकऱ्याच्या घरात घुसतात. कुणाला चुलीवर उलटं टांगलंय, कुणी बायकांच्या मागे लागलंय, कोपऱ्यात पिंपातून दारू काढणं चालू आहे. मग मठ जळतो, गाव जळतं, रस्त्यात बग्गी लुटली जाते. मग लुटारू शिपायांची धरपकड आणि शिक्षा, एकामागून एक. अकराव्या चित्रात मध्यभागी एक मोठं झाड आहे आणि त्याला वीसेक माणसं लोंबकळताहेत. शिडीवर अजून एकाला चढवलं जातंय, पाद्री खालून क्रॉस दाखवतोय, खाली ढोलावर दोघं फासे खेळताहेत. बाजूला फौज शिस्तीत उभी. तीच रेघ, तेच लांबचं फिकट आणि जवळचं काळं, तीच रंगमंचासारखी रचना जी पारीजीनं शिकवली.

पुढे लंगडे-लुळे शिपाई इस्पितळाच्या दारात, मग रस्त्याच्या कडेला मरणारे. सतराव्या चित्रात शेतकरी सूड घेतात, झाडीतून येऊन शिपायांना फोडून काढतात. आणि शेवटच्या चित्रात राजा सिंहासनावर बसून चांगल्या शिपायांना बक्षिसं वाटतो.

या शेवटच्या चित्रानं माझी पंचाईत केली. मला कालो बंडखोर हवा होता. पण मालिका नीट पाहिली तर ती शिस्त मोडणाऱ्या शिपायांना शिक्षा आणि पाळणाऱ्यांना बक्षीस अशीही वाचता येते, आणि कुठल्याही राजाला त्यात आक्षेपार्ह काही सापडलं नसतं. सापडलं असतं तर परवाना मिळाला नसता. काही जण म्हणतात की कालो युद्धविरोधी नव्हताच, आपल्या काळाचा एक धार्मिक, दरबारी माणूस होता. असेल. पण त्यानं स्केल बदलला, हे तर कुणी नाकारू शकत नाही. वेढ्याच्या नकाशात जी घरं छपराचे चौकोन म्हणून येत होती, त्यातल्या एका घराची पुढची भिंत त्यानं काढून टाकली आणि आत काय चाललंय ते दाखवलं. मी सरांशी यावर वाद घातला. सरांचं मत की अंगठ्याची गोष्ट खरी असो वा खोटी, चुलीवर टांगलेला माणूस काढायला कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि तेवढं पुरे. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

कालोला फार वेळ मिळाला नाही. पोटाच्या दुखण्यानं तो खंगत गेला आणि २४ मार्च १६३५ रोजी नान्सीतच वारला. वय उणंपुरं त्रेचाळीस. तेवढ्या आयुष्यात सुमारे चौदाशे प्लेट्स. युद्धाच्या हालांची आणखी लहान, सहाच चित्रांची एक मालिका आंरिएनं १६३६मध्ये त्याच्यामागे छापली. लोरेनवर फ्रेंच फौजा, भूक आणि प्लेग यांचं सावट त्यानंतर कित्येक वर्षं राहिलं. चित्रातलं झाड कालो गेल्यावर जास्त खरं झालं. स्पेनमधला गोया १८१०नंतर युद्धाच्या भीषणतेची मालिका करायला बसला, तेव्हा त्याच्या आधी या वाटेनं गेलेला माणूस हाच होता.

ब्रेडाचं सांगायचं राहिलं. एवढा खर्च, एवढी माणसं, सहा प्लेट्सचा नकाशा, आणि १६३७च्या ऑक्टोबरमध्ये डचांनी तेच शहर वेढा घालून परत घेतलं. नकाशा अजून नवाच होता. त्याच्या प्रती भिंतींवर तशाच राहिल्या असणार, शहर स्पेनचं दाखवणाऱ्या.

कालोच्या बऱ्याच मूळ प्लेट्स अजून शाबूत आहेत, नान्सीच्या लोरेन म्युझियममध्ये. तिथे कधी कुणी गेलं तर माझ्या पार्टनरला एक फोटो आणून द्या. त्याला पाहायचंय की चारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं सगळं उलटं कसं काढलं. त्याचा दुसरा पीसीबीही आरशातलाच निघाला.